वामनरावांचा बडग्या

नागपुरात इतवारीच्या पाठीमागं बारसेपुरा आहे. तिथं वामनराव ढोमण्यांचं बांबू, सुंभ, सुपं आणि टोपल्यांचं दुकान होतं. पोळा जवळ आला की मोहल्ल्यातले पोट्टे दुकानाच्या फळीवर येऊन बसायचे आणि एकच सवाल करायचे, "काका, औंदा कोनाचा काढाचा?"

कोणाचा, म्हणजे बडग्या कोणाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे कागदाच्या बाईचा मोठा पुतळा, निघते. वर्षभराची रोगराई आणि इडापीडा त्या कागदी बाईच्या माथी घालायची आणि गावाबाहेर नेऊन जाळून टाकायची, ही जुनी चाल. तिच्या संगतीला बडगे निघतात. कामट्यांचा सांगाडा, आत तणीस अन रद्दी, वर मुखवटा, गळ्यात पाटी. ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा बडग्या. बारसेपुऱ्याचा राग कोणावर धरायचा हे वामनराव ठरवत. बांबू त्यांचा, सुतळी त्यांची आणि पाटीवरची ओळही त्यांचीच.

वामनराव वाचत बसणारा माणूस नव्हता, पण सरकार, कार्पोरेशन यांबद्दलची त्यांची मतं पक्की होती. ते म्हणत, "कार्पोरेशननं झाडू मारावा, नळाले पानी सोडावं, खांबावरचा दिवा लावावा, अन घरी जावं. बाकीचं आमी पाहून घेऊ." दुकानापुढची नाली ते स्वतः फावड्यानं काढत. जमादारानं यावं म्हणून कधी अर्ज केला नाही. कोणी हसलं तर म्हणत, "ज्याच्या दारी हात पसरला, त्याच्या दारी मान वाकते बावा. आज नाली, उद्या नळ, परवा पोट्ट्याची नोकरी. मंग मत मागाले आला का तोंड उचलून बोलता येत नाही."

हे ते हवेत बोलत नव्हते. मोहल्ल्याचा आखाडा त्यांनी डोळ्यांदेखत मरताना पाहिला होता. पूर्वी आखाड्याची माती घरोघरच्या ताकानं अन तेलानं मळली जायची. प्रत्येक घर काहीबाही द्यायचं, म्हणून प्रत्येक घरचा पोट्टा तिथं लंगोट लावायचा. मग नगरसेवक आनंदराव उमाठ्यांनी आखाड्याला अनुदान मिळवून दिलं. फरशी आली, पंखा आला, भिंतीवर आनंदरावांचं नाव आलं. ताक देणारे म्हणाले, आता कायले द्याचं, सरकार देते ना. दोन-तीन सालात तिथं पत्ते कुटायची बैठक झाली. वामनराव त्या वाटेनं जाताना मान फिरवून जात.

म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आनंदरावांनी मोहल्ल्यात वाचनालय काढलं, तेव्हा वामनरावांचं पित्त खवळणं ठरलेलंच होतं. वाचनालय आनंदरावांच्याच मंडळाचं, अनुदान कार्पोरेशनचं. एका खोलीत दोन बाकं, एक टेबल, चार वर्तमानपत्रं. सकाळी दोन म्हातारे येऊन भाव वाचून जात. दुपारी माशा. आणि ही खोली उघडायला, झाडायला, माठ भरायला एक बाई ठेवलेली होती. देवकीबाई.

देवकीबाई त्याच मोहल्ल्यातली. नवरा शहरालगतच्या वाडी गावच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ट्रकवर होता, अमरावती रोडवरच अपघातात गेला. मागं एक पोरगी राहिली, रंभा. नऊ-दहा वर्षांची, तीही आजारी. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. देवकीबाईनं आनंदरावांच्या बायकोपुढं पदर पसरला आणि तिला ही जागा मिळाली. मोहल्ल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. वामनरावांनाही बाईबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. ते रुख्मिणीला, म्हणजे बायकोला म्हणाले, "बाईले मदत कराची तं खिशातून करावी. लोकाच्या पैशानं पुन्य कमावनं, हे कोनतं पुन्य?"

रुख्मिणी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी केली का खिशातून?"

"मले कोनी म्हनलं का?"

"तिनं तुमाले म्हनाले पायजे होतं, नाई का? तुमी दुकानात बसून वाट पाहून राहिले होते."

वामनराव उठून गेले. बायकोच्या बोलण्यातला काटा त्यांना कळला; पण तो त्यांनी काढला नाही, तसाच चालत राहिले.

एकदा दुपारी ते वाचनालयावरून जात होते. दार उघडं होतं. देवकीबाई टेबलावर डोकं टेकून झोपली होती, पंख्याच्या वाऱ्यानं वर्तमानपत्राचं पान तिच्या डोक्यावर येऊन पडलं होतं. वामनरावांना हसू आलं. तिथंच, त्या पायरीसमोर, त्यांना त्या सालचा बडग्या सुचला.

गाडीवर खुर्चीत आनंदराव बसलेले. बाजूला टेबलावर डोकं टेकून झोपलेली बाई, डोक्यावर वर्तमानपत्र. पाटीवर ओळ: "वाचनारा कोनी नाही, झोपनारीले पगार, घेऊन जा गे मारबत." पोट्टे ऐकून फळीवरून खाली लोळायचे बाकी राहिले. केशव नावाचा टारगट पोरगा म्हणाला, "काका, औंदा पयला नंबर आपलाच."

बारसेपुऱ्यात एक रीत होती. बडग्याच्या पोटात भरायला लोक घरातले जुने कपडे आणून देत, पण नुसते जुने नाही. आजारी माणसाच्या अंगावरचे, बाळंतिणीच्या उशाखालचे, दुखण्याला लागलेले. बडग्याबरोबर ते जळाले की दुखणं जळालं. देणारा कपडा देताना नाव घेऊन सांगायचा, आणि घेणारा तो वर न दाखवता सांगाड्याच्या पोटात कोंबायचा. कोणाच्या घरचं कोणतं दुखणं ते चव्हाट्यावर येऊ नये, म्हणून. वामनराव ही रीत बापापासून पाळत आले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी देवकीबाई दुकानात आली. काखेत घडी केलेलं वांगी रंगाचं लुगडं, पिवळ्या रुंद काठाचं. रोज तेच नेसून ती वाचनालयात जायची.

"भाऊ, हे घ्या," ती म्हणाली. "पोरीच्या अंगावर रात्री हेच घालतो. तिच्या तापानं हे वलं झालं, वाळलं, पुन्हा वलं झालं. जळू द्या आता. रंभाचं नाव घेऊन टाकजा."

वामनरावांनी लुगडं घेतलं. "टाकतो," म्हणाले.

"तुमच्या हातानं टाकजा, भाऊ. पोट्टे हसतेत."

सांगाडा तयार झाला. पोटात कपडे भरले. झोपलेल्या बाईचा पुतळा उघडा होता, त्याला नेसवायला काही हवं होतं. वामनरावांचा हात त्या लुगड्यावर गेला. ते नंतर कितीदा स्वतःला म्हणाले की सुचलं नाही, घाईत झालं. पण घाई नव्हती. दुपार होती, पोट्टे चहा पिऊन राहिले होते. वांगी लुगडं नेसवलं की पुतळा एकदम ओळखू येत होता, आणि गंमत ओळखू आल्याशिवाय गंमत होत नाही, एवढंच त्या वेळी त्यांच्या डोक्यात होतं.

केशव म्हणाला, "काका, हे तं देवकीबाईचं दिसून राहिलं."

"मंग? पोटात भरलं काय अन अंगावर नेसवलं काय, जळनारच हाय ना गा."

मारबतीच्या दिवशी बडग्या निघाला. वामनराव गाडीपुढं चालत होते. बारसेपुऱ्याच्या तोंडाशीच त्यांच्या ध्यानात आलं की काहीतरी बिघडलंय. लोक पाटी वाचत नव्हते. गाडीवर एक पुरुष अन त्याच्या शेजारी एक झोपलेली बाई, एवढंच ते पाहत होते. आणि बाई कोण, हे लुगड्यानं सांगितलं होतं. कोणीतरी ओरडलं, "आनंदराव, बाईले उठवा, सकाळ झाली." हशा पिकला. दुसऱ्यानं त्याहून खालचं काही म्हटलं. तिसऱ्यानं त्याहून. वाचनालय, अनुदान, लोकांचा पैसा, यातलं एक अक्षरही कोणाच्या तोंडी नव्हतं.

देवकीबाई दारात उभी होती. पोरीला कडेवर घेता येत नव्हतं, म्हणून तिला पुढ्यात उभी करून, खांदे धरून. आपला ताप कसा जाळायला नेतात ते दाखवायला तिनं पोरीला उठवून आणलं होतं. गाडी दारासमोर आली तेव्हा पोरगी म्हणाली, "माय, हे तुहं लुगडं." मागचा पोरांचा घोळका "घेऊन जा गे मारबत" म्हणून बोंबलत होता. देवकीबाईनं पोरीचे डोळे झाकले नाहीत, कान झाकले. मग दार लावून घेतलं.

वामनराव पुढं चालतच राहिले. मिरवणूक थांबवता येत नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं. बडग्या जाळतानाही ते तिथंच उभे होते. रंभाचं नाव घ्यायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

आनंदरावांचं काही बिघडलं नाही. मिरवणुकीत त्यांनी स्वतःच्या पुतळ्याला हार घातला होता. बडग्या निघाला म्हणजे माणूस मोठा झाला, असं ते म्हणत. पण आठवड्याभरात त्यांनी देवकीबाईला बोलावून सांगितलं, "बाई, माहं काय जाते? तुहीच बदनामी. तू आता घरी राह्य."

ती घरी कशी राहणार? ती वाडीला जाऊ लागली. तिथल्या गोदामांत फाटकी पोती शिवायचं काम होतं. सकाळी अंधारात निघायची, दिवेलागणीला यायची. वामनरावांचं दुकान वाटेवरच. ती जाताना दिसली की ते सुंभाच्या वेटोळ्यात काहीतरी शोधू लागत. दिवसभर पोरगी एकटी. रुख्मिणी दुपारी वरणभाताची वाटी झाकून घेऊन जायची. नवऱ्याला सांगत नव्हती, पण लपवतही नव्हती.

एक दिवस वामनरावच म्हणाले, "पोरगी कशी हाय?"

"तुमीच जाऊन पाहा."

"मले कोन्त्या तोंडानं..."

"तेच म्हन्तो मी," रुख्मिणी म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी मग आपल्या परीनं दुरुस्ती करायची ठरवली. एका पोट्ट्याच्या हाती पायलीभर ज्वारी पाठवली, ती जशीच्या तशी परत आली, वर निरोप, "भाऊले म्हना, घरी हाय." मग एका सकाळी रस्त्यातच तिला गाठून म्हणाले, "देवकीबाई, वाडीले काहून जाता? माह्या दुकानात बसा. सुपं विणाची, गिऱ्हाईक पाहाचं."

ती थांबली. रागावली नव्हती, तेच वामनरावांना जड गेलं. म्हणाली, "तुमच्या दुकानात बसू, भाऊ? आजवर एकाचं नाव होतं माह्या संगं. आता दोघाचं होईन." आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.

उरला एकच उपाय, जो वामनराव जन्मभर सांगत आले होते. मोहल्ल्याचं मोहल्ल्यानं पाहावं. ते घरोघर फिरले. म्हणाले, चार घरं मिळून बाईचं पाहू, पोरगी बरी होईतोवर. हेच लोक एकेकाळी आखाड्याला ताक देत होते. पहिल्या घरी सुपारी कातरता कातरता दादाजी शेंडे हसले. "वर्गणी कायले, वामनराव? आनंदराव हायत ना तिचे." दुसऱ्या घरी बाईनं दारातूनच सांगितलं, "आमाले त्या भानगडीत नका घालू." तिसऱ्या घरी त्यांनी आवाज दिलाच नाही. दारापर्यंत जाऊन परतले.

त्या दिवशी वामनराव दुकानात नुसते बसून राहिले. मोहल्ला बाईला हात द्यायला तयार नव्हता, आणि मोहल्ल्याच्या तोंडी ती गोष्ट त्यांनीच घातली होती. आनंदरावांनी आखाडा मारला असं ते लोकांना सांगत आले. इथं तर अनुदानाशिवायच, आपल्या बांबूनं अन आपल्या सुतळीनं काम झालं होतं.

दोन दिवसांनी ते आनंदरावांच्या घरी गेले. त्या ओट्यावर त्यांनी आजवर पाय ठेवला नव्हता. लोक बसलेले होते, कोणी नळासाठी, कोणी शिधापत्रिकेसाठी. वामनरावांना पाहून सगळे सरकले, जागा झाली. ते त्यांना आवडलं नाही.

"या या, वामनराव," आनंदराव म्हणाले. "औंदा जित्याजागत्यालेच भेटाले आले. बसा. चहा घ्या."

"चहा नको. देवकीबाईचं बोलाचं होतं."

"बोला ना."

"तिले परत घ्या. पोरगी आजारी हाय. वाडीले जाते बाई, पोरगी दिवसभर एकटी."

आनंदरावांनी पानाची पिंक टाकली, सावकाश तोंड पुसलं. "पन वामनराव, तुमीच तं लिहिलं होतं. वाचनारा कोनी नाही. अन खरंच नाही गा. मी दोनदा जाऊन पाह्यलं. मंग बाईले कोनतं काम? लोकाचा पैसा असा उधळू का मी? तुमच्या मोहल्ल्याचा पैसा हाय तो."

ओट्यावरचे लोक पायांकडे पाहून राहिले. वामनरावांना वाटत आलं होतं ते खरंच होतं. वाचनालयात काम नव्हतंच. आजही नव्हतं. बडग्याची ओळ खोटी नव्हती, फक्त ती ज्या बाईच्या अंगावर टाकली, त्या बाईचा तो दोष नव्हता.

"काम हाय," वामनराव म्हणाले.

"काय म्हनता? जरा मोठ्यानं."

"काम हाय म्हनलं. बाईचं काम हाय तिथं."

"असं." आनंदराव खुर्चीत मागं रेलले. आवाज एकदम मऊ झाला. "तुमच्या शब्दाले मी नाही कसा म्हनू? वाचनालय राहू द्या, लोकं पुन्हा बोलतीन. बालवाडी काढून राहिलो ना मी, तिथं लावतो बाईले. पोरगीही तिथंच खोलीत निजन. तुमी फक्त एक करा. पुढच्या पोळ्याले, तान्ह्या पोळ्याचं बक्षीस तुमच्या हातानं वाटाचं. मोहल्ल्यातला जुना मानूस, शोभून दिसन."

तान्हा पोळा म्हणजे लहान लेकरांचा, लाकडी बैलांचा. तो मारबतीच्याच दिवशी असतो. वामनरावांना ते कळलं, आणि आपल्याला कळलंय हे आनंदरावांनाही कळलं.

"वाटतो," ते म्हणाले. मग समोर ठेवलेला चहा प्याले.

देवकीबाई बालवाडीत लागली. तिथं खरंच काम होतं. वीसेक लेकरं, त्यांची नाकं, त्यांचं रडणं. रंभा हळूहळू बरी झाली. ताप कशानं गेला ते कोणी सांगू शकलं नाही. वामनरावांना वाटत होतं, देवकीबाई येऊन चार शब्द सुनावेल, मग बरं वाटेल. ती आलीच नाही. रस्त्यात दिसली की पदर नीट करून म्हणायची, "बरं हाय ना, भाऊ?" पूर्वीसारखंच.

पुढच्या पोळ्याला पोट्टे फळीवर येऊन बसले. "काका, औंदा कोनाचा?"

"महागाईचा काढा," वामनराव म्हणाले.

"महागाईचा तं अर्धं नागपूर काढते."

"मंग आपनही काढू. डोकं मोठं करा, दात लावा."

केशवनं बाकीच्यांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही, तो मानच होता एका परीनं. मारबतीच्या दिवशी बारसेपुऱ्याचा बडग्या दात विचकत निघून गेला आणि वामनराव मंडपात बसून लेकरांना बक्षिसं वाटत राहिले. गळ्यात शाल, हातात नारळ. आनंदराव माइकवर म्हणाले, वामनरावांसारखी मानसं पाठीशी हायत म्हनून आमी कामं करू शकतो. रुख्मिणी बायकांत बसली होती. ती टाळ्या वाजवत होती की पदरानं वारा घेत होती, ते वामनरावांना इतक्या लांबून दिसलं नाही.

आणखी साल-दीड साल गेलं. एका सकाळी देवकीबाई दुकानात आली. दोन साल तिनं त्या फळीला हात लावला नव्हता. सोबत एक तरुण बाई, कडेवर लेकरू.

"ही माही भाची, मीरा. हिंगण्याची," ती म्हणाली. "नवऱ्यानं टाकली हिले. भाऊ, बालवाडीत एक जागा निघून राहिली म्हन्तात."

वामनराव सुपाच्या कडेची कामटी बसवत होते. हात थांबला. "मले कायले सांगता, देवकीबाई? आनंदरावाले सांगा."

"त्याइच्या दारी मी कशी जाऊ? लोकं पाहतेत ना." हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की वामनरावांना मान वर करता आली नाही. "तुमचा शब्द चालते, भाऊ. माह्या वक्ती चालला. नाही म्हनाल तरी माहं काई म्हननं नाही."

पूर्वीचं सगळं त्यांच्या जिभेवर आलं. लोकाच्या पैशानं पुन्य, हात पसरला की मान वाकते. ते सगळं अजून त्यांना खरंच वाटत होतं. पण या बाईपुढं ते बोलायचा हक्क आपला गेला, हेही तितकंच खरं होतं. मीराच्या कडेवरचं लेकरू सुपाकडे हात करून राहिलं होतं. वामनरावांनी ते सूप त्याच्या हाती दिलं आणि उठले.

"बसा तुमी. येतो मी जाऊन."

मोहल्ल्याच्या टोकाला सायकल दुरुस्त करणारा गिरिधर बसला होता. वामनरावांना आनंदरावांच्या घराकडं वळताना पाहून तो पाना टाकून उठला, हात पुसत आडवा आला.

"काका, तिकडे चालले तं जरा माहंही एक काम होतं. तुमाले सांगाव सांगाव म्हनून राहिलो होतो. लहाना भाऊ हाय माहा, दहावी झाला..."

वामनराव थांबले. उन्हं वर येऊन राहिली होती. आनंदरावांचा ओटा तिथून दिसत होता, लोक बसलेले होते.

"सांग," ते म्हणाले. "चालता चालता सांग."